नालबंदाच्या तलंगा

"आधी पाडायचं, मग बोलायचं," असं तो म्हणायचा, आणि करायचाही तसंच.

बैलाच्या खुरांना लोखंडी पत्र्या ठोकून घ्यायला कुणी शेतकरी आला, की हा त्याला नाव, गाव, बैलाची खोड, काही विचारायचा नाही. बैलाभोवती एक फेरी मारायचा, अर्धी विडी विझवून कानाला लावायचा, पुढच्या पायांत दोराचा फास टाकायचा आणि शेपटी पिळून खांद्याच्या एका धडकेनं ते धूड असं जमिनीवर आपटायचा, की शेजारच्या वखारीत माझ्या कोंबड्या एकदम ओरडून उठायच्या. चारी पाय आवळले, एक गुडघा बैलाच्या मानेवर रुतला, की मग मालकाकडे वळून विचारायचा, "हां, बोला. कुठनं आलात?"

जुन्या नाशकात टांगे उभे राहत, त्या जागेच्या मागं त्याची पत्र्याची शेड होती. सगळे त्याला उस्ताद म्हणत. शेडमागच्या एका खोलीत तो आणि त्याची बायको राहायचे. त्या खोलीच्या आणि माझ्या वखारीच्या मध्ये फळ्यांची एक भिंत होती, फळ्यांच्या फटीतून हात जाईल अशी. मी कोंबड्या आणि अंड्यांचा व्यापारी. डोक्यावर डालगं घेऊन सायखेडा, लासलगाव, येवला असे बाजार पायी करत मी तो धंदा उभा केला आणि देवळालीच्या कॅम्पात गोऱ्या पलटणीच्या भटारखान्यापर्यंत नेला. त्यात कुणाच्या बापाचा हात नव्हता. म्हणून उस्तादाबद्दल इथे जे लिहितो आहे, ते कोंबडी कळणाऱ्या माणसाचं लिहिणं आहे. आणि त्याच्यावर माझा राग आहे, हेही आधीच सांगून टाकतो. होता असं म्हणत नाही. आहे.

एकदा टांग्याच्या एका घोडीनं नाल ठोकताना त्याच्या दंडाचा लचका घेतला. त्यानं हातातली कानस शांतपणे खाली ठेवली, घोडीची आयाळ धरली आणि तिचा कान चावला. रक्त येईपर्यंत चावला. टांगेवाला बोंबलत राहिला. उस्तादानं तोंड पुसलं, आत जाऊन हळद आणली, आधी घोडीच्या कानाला लावली आणि उरलेली स्वतःच्या दंडाला.

"आता वळख झाली," म्हणाला.

त्यानंतर ती घोडी त्याच्यापुढे पाय आपण होऊन उचलायची. लोक हसायचे. मीही हसलो आहे. घोडी आणि बैल यांच्यापुरतं होतं तोवर हसायला हरकत नव्हती.

त्याच्या बायकोला मी कधी पाहिलं नाही. तिला पडदा होता, आणि ती असेपर्यंत मी फटीला कधी डोळा लावला नाही. मी तिला ओळखतो ते आवाजावरून. तिला मी भाभी म्हणायचो, ती मला फळ्यांपलीकडून "अंडेवाले भाई" म्हणायची. कोंबड्यांचा नाद तिचा. दिवाळी सरली आणि तिची एक कोंबडी बारा पिल्लं घेऊन अंड्यांवरून उठली. आठवडाभरात एक टांगा उधळला आणि ती कोंबडी चाकाखाली गेली. पिल्लं उरली. तेव्हापासून भाभी भाकरी तोंडात चावून, मऊ करून, तळहातावर धरायची. "खाव बेटा, खाव," असं फळ्यांपलीकडून दिवसभर ऐकू यायचं. मूल नव्हतं त्यांना.

एका दुपारी उस्ताद एका मस्तवाल बैलाशी झगडून आत गेला. मी फळ्यांच्या अलीकडे अंडी निवडत होतो.

"भाकरी कुठंय?"

"एकच होती. पिल्लांना चुरली. बसा, दुसरी थापते."

"पिल्लांना?"

मग आवाज आला. बैल पडताना येतो तसाच, फक्त हलका. त्या दिवशीही त्यानं आधी पाडलं, पण बोलायला पुढं काही उरलं नाही. भाभीचा हात मनगटाच्या वर मोडला होता, हे मला टांगेवाल्याकडून नंतर कळलं. ती रडली नाही, ओरडली नाही. दाराशी टांगा होता, त्यात जाऊन बसली. टांगेवाल्यानं तिला सरकारी दवाखान्यात नेलं. हात बांधून झाल्यावर ती परत आलीच नाही, तशीच भावाकडे येवल्याला गेली.

पिल्लं मात्र राहिली.

पहिले काही दिवस तो त्यांच्यावर खेकसायचा. त्यांच्या चिवचिवाटानं त्याचं डोकं उठायचं. एकदा त्यानं डालग्याला लाथ घातली, आणि सकाळी त्याखालून दोन मेलेली काढून उकिरड्यावर टाकली. थंडी पडली होती, त्यात आणखी काही गेली. एक बोका रोज यायचा. उस्तादानं भट्टीतला लाल नाल सांडशीनं उचलून त्याच्यावर फेकला, तेव्हा बोका किंचाळत माझ्या वखारीत शिरला आणि माझी अंड्यांची एक पाटी फोडून गेला. मी भांडायला गेलो. वखारीत माझा आवाज एवढा चढलेला होता, की तीन टांगेवाले माझ्या मागोमाग तमाशा बघायला आले.

आत गेलो आणि थांबलो. उस्ताद भट्टीच्या राखेजवळ उकिडवा बसला होता. गाल फुगलेले. भाकरी चावत होता. चावून झाली ती त्यानं काळ्या तळहातावर थुंकली आणि हात जमिनीला टेकवला.

"खाव," त्यानं दरडावलं. पिल्लं पळाली. मग आवाज खाली आणून, जरा शरमल्यासारखा म्हणाला, "खाव बेटा, खाव."

पाच उरली होती तेव्हा. मी फुटलेल्या अंड्यांचं भांडण दुसऱ्या दिवसावर टाकलं.

रमजान सुरू झाला. उपाशी पोटी दिवसभर घण मारायचा, आणि संध्याकाळी रोजा सोडताना खजुराचा पहिला तुकडा कुस्करून पिल्लांपुढे. त्यांना काय घालावं, हे मला विचारण्याइतका तो नमला नव्हता, पण त्याचं त्यालाही सुचत होतं. टांग्यांच्या जुन्या, कुजक्या फळ्या तो ऐरणीवर आपटायचा. वाळवी पडायची, पिल्लं तुटून पडायची. कणी भिजवून द्यायचा. टांग्याच्या घोड्यांची लीद पसरून ठेवायचा, त्यातले न पचलेले हरभरे पिल्लं उकरून काढायची. भट्टी विझली की गरम राखेशेजारी डालगं ठेवायचा आणि त्यावर स्वतःची घोंगडी. स्वतः पोत्यात झोपायचा.

ईदच्या आदल्या दिवशी तो माझ्या वखारीत आला. दाढी नीट केलेली, अंगात धुतलेला सदरा.

"शेठ, तू भाव करतोस."

"करतो."

"माझ्यासाठी कर. येवल्याला चल. मी बोललो की बिघडतं."

मी गेलो. बाजारही करायचा होता. त्याचा मेहुणा विणकर होता. हातमाग घरातच होता. आम्ही ओट्यावर गेलो, तेव्हा मागाचा खटखटाट थांबला, आणि मेहुणा बाहेर येऊन उभा राहिला. सडपातळ माणूस, उस्तादाच्या निम्मा. घाबरला मात्र नव्हता.

मी माझ्या पद्धतीनं सुरुवात केली. झालं ते झालं, नवरा आपण होऊन दारात आला आहे, सणाचा दिवस आहे, दोन पावलं त्यानं पुढं टाकली, आता दोन तुम्ही टाका.

"बहीण काय बाजारातली कोंबडी आहे का, भाव करायला?" मेहुणा म्हणाला. "भाई, तुम्ही पाहुणे. पाणी घ्या आणि जा."

उस्तादाच्या मानेची शीर उभी राहिली. मी त्याचा सदरा मागून धरला. तेवढ्यात दारावरच्या पडद्यामागून भाभीचा आवाज आला.

"माझी पिल्लं किती राहिली?"

उस्ताद जमिनीकडे पाहत म्हणाला, "पाच."

"बारा सोडून आले होते."

मेहुण्यानं पाण्याचा तांब्या माझ्यापुढं ठेवला.

"ती पाच मोठी करा," आवाज म्हणाला. "एकाला हात लावायचा नाही. एक कापायचं नाही. त्यांनी अंडी दिली, की अंड्यांसकट ती सगळी घेऊन या. मग मी बघेन."

मी हिशेबाला लागलो. "भाभी, त्यांना अंड्यावर यायला उन्हाळा उजाडेल. शिमग्यापर्यंत करा."

"नाही."

"त्यात दोन नर आहेत. तुरा बघून सांगतो. ते जन्मात अंडं घालायचे नाहीत."

"नरही घेऊन या. जिवंत."

असा कोरडा सौदा मी आयुष्यात केला नाही. एक पैसा इकडचा तिकडं सरकला नाही. उस्ताद मात्र परतीच्या सर्व्हिस मोटारीत निफाड गेल्यावर एकदम म्हणाला, "मग बघेन, म्हणाली ना? ऐकलंस ना तू?"

"ऐकलं."

"मग झालं."

पिल्लं वाढली. तीन माद्या आणि दोन नर. त्यानं नावं ठेवली नाहीत, काळी, तांबडी, चितकबरी एवढंच. नरांना तो दोघांनाही "पैलवान" म्हणायचा. तुम्ही नर वाढवले असतील तर तुम्हाला माहीत आहे, चार महिन्यांचे झाले की ते एकमेकांच्या जिवावर उठतात. हे दोघे तर रोज सकाळी रक्तबंबाळ. मानेची पिसं उपटलेली, एकाचा डोळा सुजून बंद. मी म्हटलं, एक मला दे, कॅम्पात जाईल. त्यानं घण उचलून दाखवला. दोघांना सोडवायला तो मध्ये हात घालायचा, आणि ते त्याच्या हातावरच पायाच्या काट्याची आरी चालवायचे. मनगटं सोलून निघायची. चिडला की हात उगारायचा, उगारलेला तसाच वर ठेवायचा, आणि मग दोन्ही हात मांडीखाली घालून त्यावर बसायचा. खरंच बसायचा. तेवढा मोठा माणूस स्वतःच्या हातांवर बसलेला आणि समोर दोन कोंबडे एकमेकांना फाडताहेत, हे मी पाहिलं आहे.

टांगेवाले खिजवायचे. "उस्ताद, कोंबडीला नाल कधी ठोकणार?"

एकाच्या दिशेनं नाल गेलाही. त्याच्या टांग्याचा कंदील फुटला. कोंबड्यांवर मात्र त्या सगळ्या हिवाळ्यात त्याचा हात पडला नाही, हे मला कबूल केलं पाहिजे.

त्या वर्षी बकरी ईद आणि शिमगा चार दिवसांच्या अंतरानं आले. त्याच दिवसांत त्यानं चूक केली. त्याच्यासारखा माणूसच करील अशी.

अंड्यावर यायच्या बेतात असलेल्या कोंबडीला आम्ही तलंग म्हणतो. तलंग दिसायला भरलेली, चालायला ऐटीची, तुरा लाल व्हायला लागलेला. अजाण माणसाला वाटतं, आता हिला खाऊ घातलं की उद्या अंडं. तसं नसतं. या वयात तिला भरवायचं नसतं. कणी, कोंडा, हिरवा पाला, उकिरड्यावरचं किडूकमिडूक, बस. आधी अंग वाढू द्यायचं, कंबर रुंद होऊ द्यायची. शिंपल्यांची पूडसुद्धा अंडं आल्यावरच. घाईनं भरवलेली तलंग वेळेआधी अंड्यावर येते, आणि अंगापेक्षा अंडं मोठं होतं.

पण हा नालबंद. याची सगळी हयात घोड्यांत गेलेली. टांग्याचा घोडा बसला, की टांगेवाले त्याला भिजवलेले हरभरे, गूळ आणि गरम मसाल्याचे गोळे चारतात, आणि घोडा आठ दिवसांत फुरफुरायला लागतो. यानं तेच धरलं. शिवाय ईदचं मटण झालेलं, खाटकाकडून छिछडे, म्हणजे मांसाचे टाकाऊ तुकडे आणले. रोज सकाळी मसाल्याचा गोळा, दुपारी कच्चे छिछडे. गोदेच्या पात्रातून शिंपले वेचून आणले आणि ऐरणीवर कुटले. कोंबड्या मांसावर झोंबताना मी फटीतून पाहिलं. एकीच्या चोचीतला तुकडा दुसरी ओढत होती, चोची लाल, डोळे फिरलेले.

"उस्ताद, बंद कर हे. फुटतील त्या आतून."

"तू इकणारा. पाळणारा नाय."

"रक्ताची चटक लागेल त्यांना!"

"लागू दे. अंडं तर येईल." आणि त्यांच्याकडे वळून, तोच लाडका आवाज, "खाव बेटा, खाव."

चैत्र आला. येवल्याहून एक विणकर लुगडी घेऊन आला होता, तो सांगून गेला, की भाऊ तिला वर्षभर सांभाळील पण पुढं नवऱ्यापासून सोडवून घेईल, दुसरीकडे स्थळ बघतो आहे. उस्तादाची झोप उडाली. तांबडीला हातात घेऊन तो तिचं पोट चाचपायचा. दिवसभर चाचपायचा.

आता मी काय केलं ते सांगतो, आणि तुम्हीच ठरवा. माझ्या वखारीत त्या वेळी गावरान अंड्यांच्या पाट्या भरलेल्या होत्या. मी चांगली, ताजी, तांबूस निवडली, भुशात घालून त्याच्यापुढं ठेवली.

"ही घे. पाचही कोंबड्या घे, उद्या येवल्याला जा. पडद्यामागून अंडं कुठल्या कोंबडीचं ते कुणाला कळत नाही. भाभी घरी येईल, महिन्याभरात तुझ्या घालायला लागतील. कुणाचं काय गेलं?"

त्यानं भुशातलं एक अंडं उचललं, उन्हाकडे धरलं, परत ठेवलं. मला वाटलं, पटलं.

मग त्यानं माझा हात धरला. घोड्याचा खूर धरतो तसा, मनगट काखेत दाबून. "या हातानं निवडलीस?" म्हणाला, आणि माझी करंगळी उलटी मोडली. काडी मोडावी तसा आवाज आला.

मी गप्प बसणारा नाही. डाव्या हाताशी तराजूचं लोखंडी वजन होतं, ते त्याच्या खांद्यात घातलं. तो कोसळला. मी परत घातलं. त्यानं माझे पाय ओढले, मी अंड्यांच्या पाटीवर पडलो, आणि आम्ही दोघं त्या चिकट चिखलात एकमेकांचे गळे धरून लोळलो. टांगेवाल्यांनी सोडवून त्याला त्याच्या बाजूला नेलं. माझ्या मिशीतून पिवळा बलक गळत होता, त्याचा खांदा काळानिळा, आणि तरी तो फटीतून ओरडत होता, "खोटं अंडं घेऊन जाऊ मी? तिच्याकडं?"

"जाऊ नको!" मी ओरडलो. "मर इथंच त्यांची पोटं चाचपत!"

त्यानंतर आम्ही बोलणं टाकलं. करंगळी वैद्यानं बसवली, ती वाकडीच बसली. ज्या हातानं मी देवळालीच्या भटारखान्यात बोटांच्या खुणांनी भाव करायचो, तो हात. आणि मला ज्यासाठी मारलं ते काय, तर मी त्याचं घर बसवायला निघालो होतो म्हणून.

तांबडीनं पहिलं अंडं घातलं, ते भर दुपारी. मला फटीतून कोंबडीचा आवाज आला. अंडं घातल्यावर ओरडते तसा नाही. गळा कापताना ओरडते तसा. मागोमाग उस्तादाची आरोळी.

मी धावलो. कोंबडी माझा धंदा आहे, उस्ताद माझा कुणी नाही, म्हणून धावलो. आत पाहिलं तर तांबडीची मागची जागा अंड्याबरोबर बाहेर आलेली, लालभडक, आणि काळी त्यावर टोचे मारत होती. एक टोचा, मान झटकून ओढणं, पुन्हा टोचा. चितकबरी बाजूनं शिरायला बघत होती. रक्ताचा वास नरांनाही लागला होता. तांबडी पळायची आणि त्या तिच्या मागून तिला खात पळायच्या.

"हात घालू नको!" मी म्हटलं. "डालगं टाक, डालगं!"

त्यानं ऐकलं नाही. काळीला पायांनी धरलं आणि शेडच्या खांबावर एकदा आपटलं. एकदाच. मग सगळं थांबलं. बाकीच्या कोपऱ्यात पळाल्या. तो काळीचे पाय धरून उभा होता, तिची मान खाली लोंबत होती, पंख अजून थरथरत होते. त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे. असा चेहरा मी बैलाचा पाहिला आहे, जमिनीला टेकल्यानंतर लगेचचा.

मी तांबडीला पकडलं. कोमट पाणी मागितलं, त्यानं आणलं. धुतलं, खोबरेल आणि हळद लावली, बोटानं हळूच आत ढकललं, वाकड्या करंगळीसकट. डालग्याखाली अंधारात ठेवली. ती जगली. अंडं राखेत पडलं होतं. तिच्या अंगाच्या मानानं मोठं, लांबोडकं, त्यावर रक्ताचा एक ओघळ.

"पूस ते," मी म्हटलं. कितीतरी दिवसांनी त्याच्याशी पहिलं बोलणं ते.

"नाय."

"आणि ऐक. काळी बोक्यानं नेली. नाशकातला प्रत्येक माणूस तुझा बोका ओळखतो. कळलं?"

या वेळी त्यानं माझं बोट धरलं नाही. काळीला शेडमागं पुरलं, वर शिंपल्यांची पूड टाकली. का टाकली, ते मला माहीत नाही.

तांबडी उभी राहिल्यावर आम्ही येवल्याला गेलो. मी का गेलो? बाजार होता. डालग्यात चार कोंबड्या, आणि उस्तादाच्या खिशात रुमालात अंडं. तोच ओटा, तोच माग थांबला, तोच मेहुणा. उस्तादानं डालगं पडद्याजवळ ठेवलं, वर रुमाल ठेवला, आणि मागं सरकला. पडद्याखालून एक हात आला, रुमाल आत गेला. मग डालग्याची कड वर उचलली गेली.

"काळी?"

मी त्याच्याकडे पाहिलं. बोका, मी ओठांनी म्हणालो. बोका, बोका. मेहुणा माझ्याकडे बघत होता, मला पर्वा नव्हती.

"मी मारली," उस्ताद म्हणाला. "तांबडीला खात होती. पण मारली मीच. या हातानं."

आतून कोंबड्यांचा कुरकुर आवाज येत राहिला. "खाव बेटा," असं अगदी हळू कुणीतरी म्हणालं, आणि दाण्यांचा सडा पडल्याचा आवाज आला. डालगं आत ओढलं गेलं.

"भाईजान," भाभी म्हणाली, आपल्या भावाला, नवऱ्याला नाही, "कोंबड्या राहू द्या. यांना जायला सांगा."

मेहुण्याला सांगावं लागलं नाही. माझ्या मनात आलं, आता हा माग उलथणार, पडदा फाडणार, आणि मेहुण्याला ओट्यावरून खाली टाकणार. मी खांदा पुढे केलाही. उस्तादानं दोन्ही हात छातीवर घेतले, काखेत दाबले, आणि ओटा उतरला.

भाभीचं चुकलं असं मी म्हणत नाही. ज्या हाताची गोष्ट चालली होती त्याची पकड मला तिच्याइतकीच माहीत आहे. पण दोन वेळा मी त्याला रस्ता दाखवला. दोन वेळा तो रस्ता बरोबर होता. ताजी अंडी होती, बोका होता. त्या माणसाला घण पेलायचा, बैल पेलायचा, एवढंसं खोटं पेलायचं नाही, आणि बोट मात्र माझं मोडलं. हा माझा त्याच्याशी हिशेब आहे, आणि तो चुकता झाला नाही.

मोटार दुपारी सुटायची होती. मी माझ्या शेजारची जागा धरून ठेवली. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला, मी म्हटलं, थांब. त्यानं इंजिन चालू केलं, मी खाली उतरून त्याची गचांडी धरली. माणसं मध्ये पडली. "कुणासाठी अडवताय?" एकानं विचारलं. मी बोट केलं.

उस्ताद रस्त्यावर होता, पण नाशिकच्या नव्हे. कोपरगावाकडे चालला होता, उन्हातून, डोक्यावर काही नाही, हात अजून तसेच काखेत. मी हाक मारली. बाजाराच्या या टोकाला मारलेली हाक त्या टोकाला ऐकू जाते, असा माझा आवाज आहे. एक टांगा थांबला, दोन बैलगाड्या थांबल्या. तो थांबला नाही.

मोटार सुटली. विंचूर गेल्यावर शेजारच्या माणसानं माझ्या धोतराला चिकटलेली पिसं पाहिली.

"कोंबड्या विकायला आणल्या होत्या का?"

"आणल्या होत्या."

"कितीला गेल्या?"

मी त्याला तोंड सांभाळून बोल म्हणालो. त्यानं तर काहीच वाईट विचारलं नव्हतं. तो उठून मागं जाऊन बसला, आणि पार नाशिक येईपर्यंत माझ्या शेजारची ती जागा रिकामी राहिली.